कंबर तलावातली जर्मन बोट

निवृत्त झाल्यावर यांनी बोट करायला घेतली. जर्मनीच्या किनाऱ्यावर पूर्वी वाफेवर चालणारी एक प्रवासी बोट होती, तिची छोटी प्रतिकृती. सोलापुरात समुद्र कुठला. पण मोबाईलवर तिचे फोटो पाहिले आणि हे तिच्यातच गुंतले. प्लायवूड, पत्रा, आत बॅटरीवरची मोटार. गच्चीवरची खोली त्यातच भरली.

घरी कोणीही आलं की चहा व्हायच्या आत तिची कथा सुरू. उन्हाळ्यात ती लोकांना बेटांवर न्यायची, मग युद्ध आलं... इथपर्यंत आलं की मी कपबशा उचलायला उठायची. शेजारीण एकदा म्हणाली, "तुमच्या ह्यांची बोट कुठवर आली?" तिच्या आवाजातलं हसू मला कळलं आणि लाज वाटली.

सुनेचे आईवडील बार्शीहून आले, तेव्हा यांनी बोट कंबर तलावात सोडायचं ठरवलं. मी स्वयंपाकघरात बोलावून म्हटलं, "पाहुण्यांसमोर नको."

"त्यांच्यासाठीच तर थांबलोय," हे म्हणाले.

रविवार होता, काठावर गर्दी. इस्त्रीचा शर्ट घालून हे पाण्याशी वाकले आणि बोट सोडली. थोडी सरळ गेली. विहीणबाई म्हणाल्या, "लई देखणी हाय की." मीही नकळत पुढे सरकले. तेवढ्यात ती एका अंगावर कलली, तशीच गोल फिरली आणि पाण्याखाली गेली. भेळ खाणारी पोरं हसली. कोणीतरी व्हिडिओ काढत होतं. मी तोंडावर पदर धरून दुसरीकडे बघत उभी राहिले, जशी काही यांच्याबरोबर आलेच नव्हते.

व्याह्यांनी मात्र विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, चिखलात उतरले आणि चाचपडत बोट वर काढली. "पाव्हणं, वजन एका बाजूला झालं असंल," ते म्हणाले. हे बोट उलटी धरून आतलं पाणी काढू लागले.

परतताना आम्ही दोघी एका रिक्षात बसलो. विहीणबाईंनी विचारलं, "ताई, खऱ्या बोटीचं पुढं काय झालं वो? सकाळी सांगत हुते, तवर तुमी नाष्ट्याला हाक मारली."

मी तोंड उघडलं. युद्ध आलं, तिला करडा रंग दिला... त्यापुढचं मला एक अक्षर येईना. "मला नाही माहीत," मी म्हटलं. तलावाकाठी वाटली त्याहून जास्त लाज मला त्या रिक्षात वाटली.

पाहुणे गेल्यावर हे बोटीचं नाव काढेनात. दोन-तीन दिवसांनी मीच विचारलं, "युद्धानंतर तिचं काय झालं?"

"राहू दे. तुला कंटाळा येतो," हे म्हणाले. आवाजात राग नव्हता.

मग एकदा संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला. त्यांनी काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण हे सांगायला लागले. युद्धात तिला समुद्रातले सुरुंग काढायला लावलं, नंतर जिंकणाऱ्यांनी नेली, नाव बदललं. तिथंही तिनं माणसांचीच ने-आण केली आणि शेवटी भंगारात गेली. "आता तळाशी शिसं लावून बघतो," असंही म्हणाले.

नीट ऐकू यावं म्हणून मी शिट्टी व्हायच्या आत कुकरखालचा गॅस बंद केला. त्या रात्री जेवायला उशीर झाला.