चुकीचे पाढे शिकवणारी मुकादमीण

मुकादमीण काकूला एकही पाढा धड येत नव्हता, आणि आमच्या अख्ख्या गल्लीला पाढे तिनंच शिकवले. आमच्या साखरा गावात तिला सगळे मुकादमीण म्हणत, कारण ती हुकूम सोडल्याशिवाय बोलतच नसे. नवरा वारलेला, दारात चार शेळ्या, हातात त्यांना हाकायची काठी.

कोरोनात शाळेला कुलूप लागलं आणि लेकरांनी मोबाईलवर शिकावं असा वरून आदेश आला. वरून म्हणजे जिथं रेंज असते तिथून. आमच्या गल्लीत रेंज यायची ती फक्त माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, तीही वाऱ्याच्या मर्जीनं. मोबाईल बापाच्या खिशात, बाप रानात. बसा शिकत. लेकरं दिवसभर गोट्या, भांडणं आणि शेळ्यांच्या शेपट्या यांत रमली. तिसऱ्याच दिवशी काकूच्या शेळीची शेपटी कुणीतरी पिरगाळली आणि शिक्षणाची सूत्रं काकूनं हातात घेतली.

तिचा हुकूम साधा होता: प्रत्येकानं आपापल्या माळवदावर चढायचं. मधे गल्ली, म्हणजे अंतर आपोआप. ती आपल्या माळवदावर काठी घेऊन उभी राहायची आणि ओरडायची, "सतरा साते एकशे सतरा. बराबर?" चारी बाजूंनी पोरं किंचाळायची, "चूक! एकशे एकोणीस!" ती तोऱ्यात म्हणायची, "मंग ठाऊक हे तं मला काहून इचारायला लावून राहिले?" म्हातारीला चुकीत पकडायचं म्हणून पोरं रात्री पुस्तकं उघडायला लागली. ती मुद्दाम चुकायची की खरंच, यावर गावात अजून एकमत नाही. मला विचाराल तर निम्मं निम्मं.

त्याच दिवसांत माझं लग्न निघालं. मी पंधराची, नववी संपवून घरात बसलेली. माझ्या वडिलांचा, अप्पांचा हिशोब सरळ होता: शाळा बंदच आहे, जेवणावळ नाही, बँड नाही, असा स्वस्तातला मुहूर्त पुन्हा कुठला. माझं वय हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. अशी लग्नं तेव्हा गावोगाव गुपचूप लागत होती आणि ज्यांनी थांबवायची ते मास्क नीट करत बसले होते.

पाहुणे आले. मी पोह्यांच्या बशा घेऊन ओसरीत उभी. एवढ्यात वरून काठी आपटल्याचा आवाज आला.

"आजचा धडा," काकू ओरडली. "पोरीच्या लग्नाचं वय पंधरा. बराबर?"

"चूक! अठरा!" शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं ते वाक्य पोरांना पाठ होतं.

"आन् आपली सुमी अठराची हे. बराबर?"

"चूक! पंधराची!"

सगळ्या गल्लीनं ऐकलं. मुलाच्या मामानं बशी खाली ठेवली आणि चप्पल शोधायला लागला. अप्पा तणतणत काकूच्या दारात गेले. ती शेळीला पाला टाकत होती. म्हणाली, "मी तं चुकीचंच सांगितलं, अप्पा. लेकरं ऐकून न्हाई राहिली, त्याला मी काय करू?"

मी दहावीत गेले.

दुसऱ्या लाटेत काकूला ताप चढला, धाप लागली. दवाखान्याची गाडी आली, आणि पोरं न सांगता माळवदांवर चढली. गाडीत बसता बसता तिनं वर पाहिलं. आवाज फाटला होता. "हिंगोलीला चालले. राज्याची राजधानी हे ती. बराबर?"

"चूक! मुंबई!"

तिनं काठी हलवली. पुढं काठी परत आली, ती आली नाही. शिक्षण खात्याच्या साहेबांनी त्या वर्षीच्या अहवालात मोबाईलचे आभार मानले.

आता मी गावोगाव बालविवाहाविरुद्धची पत्रकं वाटते. सभ्य माणसं म्हणतात, ही पोरगी फार ओरडते. मागच्या उन्हाळ्यात आमच्याच गल्लीत पाहुणे आल्याचं कळलं, पोरगी सोळाची. मी पत्रकांचा गठ्ठा उचलून धावले. बघते तर पाहुणे चपला शोधत होते, आणि माळवदांवर लेकरं उभी होती.