अस्तराच्या दुकानातल्या बाई

मानपाडा रोडवरच्या मॅचिंग सेंटरमधल्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. अस्तर घ्यायला गेलं की त्या आधी आपण नेलेली साडी घेऊन दुकानाच्या पायरीवर येतात. "ट्यूबलाइटमध्ये रंग फसवतो, ताई," म्हणतात आणि उन्हात साडीवर कापड ठेवून मान तिरकी करून बघतात. मीटर मोजून झाला की चार बोटं पुढे सरकून मग कात्री लावतात. "आटतं हे. नंतर तुम्ही मलाच शिव्या घालणार." दुकानातलं एकुलतं स्टूल गिऱ्हाइकाला; त्या दिवसभर उभ्या.

परवा एटीएमपाशी त्या माझ्या पुढे होत्या. पगार काढून बाहेर आल्या आणि त्यातले चार हजार वेगळे करून पाकिटात घालू लागल्या.

"भिशी का?"

"नाही हो. शेठना परत द्यायचे. कायद्याने खात्यात पूर्ण पगार टाकावा लागतो ना त्यांना." आवाज अस्तराचा भाव सांगावा तसा. "आम्ही सगळ्याच देतो."

तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेली मी, फक्त "बरं" म्हणाले.

त्या एकेक नोट उन्हात धरून बघत होत्या. एक कडेला फाटलेली निघाली.

"ताई, बदलून द्याल? शेठ फाटकी घेत नाहीत."

मी पर्समधली कोरी नोट दिली. त्यांनी ती पाकिटात सरकवली आणि फाटकी माझ्या हातावर ठेवताना दोनदा सॉरी म्हणाल्या.