बाबांचा रकाना

माझा नवरा चंद्रहास दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरतो. टोकियोच्या ओतेमाचीतल्या एका ऑफिसात तो सॉफ्टवेअर तपासतो. या गोष्टीला बारा वर्षं झाली आणि तिथे सगळे त्याला चंद्रा-सान म्हणतात. जपानी ऑफिसात नुसतं 'चालतंय' म्हणून भागत नाही. प्रत्येक पायरीचा फोटो काढून एक्सेलमध्ये चिकटवायचा आणि पुढे खूण करायची. उत्तम असेल तर दुहेरी वर्तुळ, बरं असेल तर एकेरी, अधलंमधलं असेल तर त्रिकोण आणि नापास झालं तर फुली. ही खोड तो घरीही घेऊन आला आहे. ओजिमाच्या आमच्या सरकारी वसाहतीतल्या घरात राइस कुकरपासून आमच्या लेकीच्या, तन्वीच्या सायकलपर्यंत सगळ्यांचे तक्ते झालेले आहेत. माझ्यापुढे कुठली खूण आहे हे मी अजून विचारलेलं नाही.

या माणसावर मी बारा वर्षं हसत आले, पण गेल्या नोव्हेंबरमध्ये मला त्याच्यासाठी भीती वाटली, म्हणून हे लिहिते आहे.

नोव्हेंबरच्या एक तारखेला माझे सासरे, विजयकुमार, तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे आले. ते पहिल्यांदाच येत होते, तेही एकटे. सासूबाई, ज्योत्स्ना, त्याच्या आदल्या वर्षी गेल्या. त्यांची टोकियोची एकच फेरी झाली होती, तीही एकटीने, कारण तेव्हा बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्या फेरीत चंद्रहासने त्यांना कियोसुमीच्या बागेत नेलं होतं. पानं लाल झालेली, तळ्याच्या कडेने दगड टाकलेले आणि त्या दगडांवरून सासूबाई डाळिंबी साडी सावरत चालल्या आहेत, असं अकरा मिनिटांचं चित्रण त्याने नव्या कॅमेऱ्यावर केलं होतं. एवढा वेळ सासूबाई हलत्या-बोलत्या दिसतात असं आमच्याकडे दुसरं काही नाही. बाबांनी ते कधीच पाहिलेलं नव्हतं. फोनवर पाठव म्हटलं की चंद्रहास म्हणायचा, छोट्या पडद्यावर नको, इथे या, मोठ्यावर बघू.

ती साडी बाबांनीच रंगवलेली होती. इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाउसमध्ये ते एकतीस वर्षं डाइंग मास्तर होते. गिऱ्हाइकाने चिंधी पाठवायची आणि यांनी तोच रंग कापडावर उतरवून द्यायचा. डाळिंबीचा एक घाणा 'काळपट आला' म्हणून गिऱ्हाइकाने परत केला होता, त्यातली एक साडी बाबांनी घरी आणली. सासूबाई ती पुढे वीस वर्षं नेसल्या आणि गिऱ्हाईक आंधळं होतं असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिल्या.

आता बाबांचेच डोळे जात होते. नजरेचा मधला भाग झिजतो, तो आजार त्यांना झाला होता. उजवा डोळा मधोमध गेलाच होता, डावा किती गेलाय ते बाबा नीट सांगत नव्हते. बावीस तारखेचं परतीचं विमान आणि पंचवीसला कोल्हापूरला डोळ्याचं इंजेक्शन. डॉक्टरांनी फोनवर चंद्रहासला एवढंच सांगितलं होतं की काय दाखवायचं असेल ते आत्ता दाखवून घ्या, रंगसुद्धा हळूहळू फिके दिसायला लागतील.

पहिल्या रविवारी सकाळी पोहे झाल्यावर आम्ही टीव्हीसमोर बसलो. टीव्हीला एक जुना प्लेयर जोडलेला होता, त्यात चंद्रहासने पेनड्राइव्ह लावला. चित्र सुरू झालं आणि माझंच मन खट्टू झालं. लाल पानं विटकरी, तळं राखाडी आणि साडी तर साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजत घातल्यासारखी. बाबांनी मान एका बाजूला वळवून थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हा माझा डाळिंबी नव्हे. हा उतरलाय." मग ते उठून गॅलरीत गेले.

चंद्रहासने मला समजावलं की घाबरायचं काही नाही. चित्रण एचडीआर आहे, म्हणजे कडक ऊन आणि गडद सावली दोन्ही त्यात नेहमीपेक्षा जास्त भरलेली आहेत. आपल्या जुन्या प्लेयरला ती भाषाच कळत नाही, म्हणून तो सगळं फिकं करून दाखवतो. चांगला प्लेयर आणला की झालं. त्याच दुपारी नवीन तक्ता उघडला गेला. उभ्या ओळीत सात प्लेयर आणि आडव्या ओळीत वीस-बावीस प्रश्न. कुठला किती प्रकारचं एचडीआर ओळखतो, मोठी फाइल अडखळते का, आवाज आणि ओठ जुळतात का.

फुनाबोरीला राहणाऱ्या आमच्या मित्राकडे, केदारकडे एक प्लेयर होता, तो चंद्रहास मंगळवारी ऑफिसातून येताना घेऊन आला. साडी जरा सुधारली. बाबा म्हणाले, उतरलाय. शनिवारी तो अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन तक्त्यात सगळ्यात जास्त दुहेरी वर्तुळं असलेला प्लेयर भाड्याने घेऊन आला. या वेळी चित्र मला बरं वाटलं. तन्वीला विचारलं तर ती मोबाइलमधून डोकं न काढता "फुत्सू" म्हणाली, म्हणजे नेहमीसारखं. अकरा वर्षांच्या मुलीकडून याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळत नाही. बाबांनी मात्र तशीच मान वळवून पाहिलं आणि तेच म्हणाले.

तोवर मला वाटत होतं की विमानात बाबांची मान आखडली आहे. स्टेशनजवळच्या औषधांच्या दुकानातून मी पट्ट्या आणल्या आणि रोज सकाळी त्यांच्या मानेला लावत होते. ते बिचारे काही न बोलता लावून घेत होते.

त्या शनिवारनंतर चंद्रहासचं काहीतरी बिनसलं. तो जेवताना मध्येच थांबायचा. ट्रेनमध्येही प्लेयरबद्दल वाचायचा आणि एकदा त्या नादात पार शेवटच्या मोतोयावाता स्टेशनपर्यंत पुढे गेला. जळणाऱ्या कचऱ्याच्या ठरलेल्या वारी त्याने बाटल्या खाली नेऊन ठेवल्या. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बाबांना चहा देताना तो त्यांच्या हाताकडे बघत राहायचा, कप कुठे टेकवतात ते. एकदा कप बशीच्या बाहेर टेकला, तेव्हा तो उठून बाथरूममध्ये गेला आणि बराच वेळ नळ सोडून बसला. परतीच्या तारखेला सहा दिवस राहिले होते आणि हा अजून चौथ्या प्लेयरची चौकशी करत होता. मी वैतागले. म्हटलं, अरे, आहे तसं दाखव ना एकदा सगळं, त्या म्हाताऱ्या माणसाला बायको बघायचीय, तुझी तपासणी नाही बघायची.

तो आंघोळीला गेला तेव्हा मी त्याचा लॅपटॉप उघडला. तक्त्याच्या शेवटी बघणाऱ्यांचे रकाने होते. माझ्या रकान्यात फुली, त्रिकोण, वर्तुळ. तन्वीचा माझ्यासारखाच. शेवटचा रकाना बाबांचा. बाबांनी तिन्ही वेळा स्पष्ट सांगितलं होतं, म्हणजे तिथे तीन फुल्या हव्या होत्या. तिथे चंद्रहासने तिन्ही घरांत 'होर्यू' लिहिलं होतं. ऑफिसात हा शब्द निकाल राखून ठेवला असेल तेव्हा लिहितात. ज्या माणसाने माझ्या आईने पाठवलेल्या मिक्सरलासुद्धा फुली दिली, त्याने बाबांचा निकाल तीन वेळा राखून ठेवला होता. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तो केस पुसत बाहेर आला तेव्हा मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवला होता. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दोष प्लेयरचा असेल तर प्लेयर बदलू," तो हळू आवाजात म्हणाला. "प्लेयरचा नसेल तर, वृंदा? तुम्हाला दोघींना बरं दिसतंय. त्यांनाच दिसत नाहीये."

मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण रडूच आलं. दोन आठवडे हा माणूस प्लेयर निवडत नव्हता. दोष डोळ्यांचा नाही, यंत्राचाच निघावा म्हणून एखादा तरी नापास होईल अशी आशा धरून बसला होता.

आमचं घर एवढंसं आहे आणि बाबांचे कान चांगले आहेत. त्यांनी गॅलरीतून चंद्रहासला हाक मारली. आम्ही दोघं चोरासारखे त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिलो. बाबांनी डोळ्यांचा विषयच काढला नाही. त्यांनी विचारलं की आत्तापर्यंत किती यंत्रं झाली. तीन, चंद्रहास म्हणाला.

"तीन कारागिरांनी रंगवलं आणि तिन्ही वेळा रंग उतरलेलाच आला, तर मी कारागिराला बोलत नसे," बाबा म्हणाले. "आधी विचारायचो, बघताय कुठल्या उजेडात? ट्यूबखाली चांगला रंग मेलेला दिसतो. कापड उत्तरेच्या खिडकीत न्यायचं. तुझ्या या सगळ्यात बदललं नाही असं काय आहे?"

चंद्रहासने मागे वळून टीव्हीकडे पाहिलं.

टीव्ही त्याने तपासलाच नव्हता. तीन वर्षांपूर्वी घेताना त्याचा स्वतंत्र तक्ता झाला होता आणि त्यात दुहेरी वर्तुळ मिळालं होतं. पास झालेल्या गोष्टीला पुन्हा हात लावायचा नाही, हा त्याच्या ऑफिसचा नियम त्याच्या रक्तात भिनला आहे. आता त्याने रिमोट घेतला आणि मेनूच्या आत, त्याच्याही आत शिरत गेला. ज्या सॉकेटमध्ये वायर लावायची त्याची एक वेगळी सेटिंग असते. तिथे दोन पर्याय होते, साधा आणि वाढीव. टीव्ही घरी आला त्या दिवसापासून तो 'साधा'वरच होता. त्यामुळे सॉकेट प्रत्येक प्लेयरला सांगत होतं की आम्हाला साधंच चित्र पाठव, आणि प्लेयर बिचारे ऐकत होते.

चंद्रहासने 'वाढीव' निवडलं. पडदा काळा झाला, दोन सेकंद तसाच राहिला आणि बाग उघडली.

काय सांगू! तळ्यावरचं ऊन डोळ्यांत जात होतं. पानांच्या लालमध्ये दहा तऱ्हेचे लाल होते. सासूबाई दगडावर पाय ठेवत होत्या आणि त्यांची साडी, मी तिच्या निऱ्या किती वेळा केल्या असतील, ती जशीच्या तशी समोर होती. तन्वीने खरोखर मोबाइल खाली ठेवला. पण आता चित्रात काही दोष उरला नव्हता. आता बाबांनी 'उतरलाय' म्हटलं असतं तर त्याचा एकच अर्थ होता, आणि चंद्रहासला तो माझ्या आधी कळला होता. तो रिमोट धरून टीव्हीच्या बाजूला उभा राहिला. चित्राकडे त्याचं लक्षच नव्हतं, तो बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होता. विचारायचं धाडस त्याला होत नव्हतं.

बाबांनी मान वळवली, तशीच, शेजारच्या भिंतीकडे बघत असल्यासारखी. तेव्हा कुठे मला कळलं की त्यांची मान आखडलेली नव्हती. समोरचं दिसत नाही म्हणून ते कडेने बघत होते आणि मी दोन आठवडे त्यांना पट्ट्या लावत होते.

टीव्हीतून सासूबाईंचा आवाज आला, "हे असते तर या पानांनासुद्धा नावं ठेवली असती, म्हणाले असते दुसऱ्यांदा बुडवा."

बाबा हसले. "हा," ते म्हणाले. "हा माझा डाळिंबी. काळपट नाहीये. गिऱ्हाईक आंधळं होतं."

चंद्रहास रिमोट हातात तसाच धरून जमिनीवर बसला. मी देवाचे आभार मानले, मला लाज वाटत नाही सांगायला. ऊन एवढं भरून आल्यामुळे की साडी एवढी मोठी दिसत होती म्हणून, कोण जाणे, पण कडेच्या नजरेत तो रंग त्यांना पोहोचला होता. आपण सुटलो असं मला वाटलं.

मग बाबांनी हात पुढे करून चाचपडत चंद्रहासचा खांदा शोधला.

"चंदू, साडी दिसली. तोंड दिसत नाही रे तिचं. जिकडे बघायला जातो तिथलंच पुसलं जातंय. हसतेय का ती?"

चंद्रहासने पडद्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा कोसळणार. पण तो सरकून बाबांच्या पायाशी बसला आणि त्याने चित्रण पहिल्यापासून लावलं. एकेक पायरी नोंदवायची सवय असलेला माणूस तो, त्याने तसंच सांगायला सुरुवात केली. हसतेय. आता खाली दगडाकडे बघतेय, ओठ आवळलेत. आता चष्मा वर सरकवलाय. कपाळावर उजवीकडे एक बट सुटलीय, पांढरी. आता माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटली, बहुतेक पुरे कर म्हणाली. बाबा भिंतीकडे तोंड करून, मान हलवत ऐकत होते.

आठव्या मिनिटाला सासूबाई एका दगडावर थांबतात आणि कॅमेऱ्याकडे सरळ बघतात. काही करत नाहीत, नुसत्या बघतात. तिथे चंद्रहासचा आवाज बंद पडला.

बाबांची हलणारी मान थांबली.

"थांबलास का?" ते म्हणाले. "पुढे सांग."