बाबांची गादी

बाबा गेल्या महिन्यात गेले. त्यांची गादी पंचवटीतल्या एका गरजू आजोबांना द्यायची, म्हणून आज उन्हात टाकली, तर शिवणीत ढेकूण दिसले. शेवटच्या आजारपणात त्यांना दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा तिथली बॅग आम्ही थेट त्यांच्या पलंगावर ठेवली होती. तिच्यातूनच आले असावेत.

"आई, बाबांच्या नावाने कुणाच्या घरी ढेकूण नको पाठवायला. नवीन गादी देऊ."

आई शिवणीकडे बघत राहिली. "शेवटी बोलता येत नव्हतं त्यांना. नुसती चुळबुळ करायचे. मी म्हणायचे, अहो, पडा की जरा शांत."

मी गादी गुंडाळून बाजूला ठेवली.

बाहेरून आलेली बॅग पलंगावर ठेवू नका, कपडे लगेच गरम पाण्यात टाका. आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर आज त्यांची गादी उलटून बघाल का?