पिवळ्या झेंड्याखाली मारलेली उडी

संक्रांतीनंतरचा रविवार, वारज्याच्या बाजूचे मैदान, सकाळची फेरी. जबाबदार: झेंडा हलत असताना भलतीकडे पाहणारे पंच. तोच दिवस, फेरीनंतर. जबाबदार: माझी तक्रार न वाचता परत करणारे मुख्य पंच. तिसरी जबाबदारी माझ्या पत्नीची. स्थळ आले तेव्हा "मुलगी मोटारसायकल चालवते" एवढेच तिने मला सांगितले होते.

ती मुलगी, म्हणजे माझी सून, सुपरक्रॉसमध्ये, मातीच्या टेकाडांवरून मोटारसायकल उडवण्याच्या शर्यतीत, अनेकदा अजिंक्य ठरली आहे. खडकीला वडिलांच्या गॅरेजात ती हे शिकली. लग्नानंतर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिचे चिखलाचे बूट वाळू लागले. त्याविरुद्ध आलेल्या प्रत्येक अर्जाला मी सविस्तर उत्तर दिले आहे. हा तिचा शेवटचा हंगाम. अजिंक्यपद त्या रविवारच्या दोन फेऱ्यांवर ठरणार होते.

सकाळी ती सर्वांत पुढे होती. मोठ्या टेकाडापलीकडे, पूर्ण एक वळसा मागे राहिलेली एक स्पर्धक तिच्या पुढ्यात कोसळली आणि पिवळा झेंडा हलला. अशा वेळी उडी मारायची नाही, चाके जमिनीवर ठेवून जायचे, असा नियम आहे. सून तशी गेली. मागच्या दोघी हवेतून तिला ओलांडून गेल्या. ती तिसरी आली.

मी तत्काळ तक्रार लिहावयास बसलो. प्रस्तावना, वस्तुस्थिती, मागणी. मुख्य पंच म्हणाले, मुदत अर्ध्या तासाची होती, ती संपली. हे कोठे नमूद आहे, असे मी विचारले. नियमपुस्तिका माझ्याच हातात होती. त्यांनी पान उघडून दाखवले.

सून बाजूला वडापाव खात होती.

"बाबा, प्रस्तावना केवढी होती?"

"आवश्यक तेवढी."

"मग आता दुपारी मला पहिलं यावंच लागेल. तुम्ही नुसते बघा. लिहू नका."

मी पेन पत्नीकडे दिले. दुपारी सूनबाई सुरुवातीपासून पुढे राहिल्या, प्रत्येक टेकाडावरून कायदेशीर उडी मारत पहिल्या आल्या आणि अजिंक्यपदासह निवृत्त झाल्या. मी खुर्चीवर उभा राहून ओरडलो, असे पत्नी सांगते. ते मी नाकारत नाही.

परंतु विजयाने प्रश्न निकाली निघत नाही. तक्रार नसतानाही कारवाई करण्याचा अधिकार पंचांना आहे. तो त्याच पुस्तिकेत, मला दाखवलेल्या पानाच्या पुढच्याच पानावर आहे. सबब मुख्य पंचांनी पुढच्या शर्यतीपूर्वी, प्रेक्षकांसमोर, ध्वनिक्षेपकावरून उत्तर द्यावे: पडलेल्या मुलीच्या डोक्यावरून उडी मारणाऱ्या त्या दोघींना शिक्षा का झाली नाही?