लेझीम अन् रोजची गोळी

आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत बायांची लेझीम असते, अन् शिट्टी माझ्या तोंडात असते. रेल्वेच्या नोकरीतून रिटायर झाली, शिट्टीतून नाही झाली. रायपुरात कशाले पाहिजे लेझीम, असं म्हणणारे थकले. मी नाही थकली.

मग छातीत गाठ निघाली. ऑपरेशनात एक बाजू गेली, केमोत केस गेले. केस परत आले, तेही कुरळे! त्यानंतर डॉक्टरीणबाईनं रोज एक गोळी दिली, पाच वर्षं घ्यायची. म्हणाल्या, तुमची गाठ इस्ट्रोजेनवर पोसत होती. पाळी गेली तरी शरीर ते थोडंथोडं बनवतच राहते. ही गोळी ते बनणं दाबते, म्हणून गाठ परत यायचा धोका कमी होतो. पण हाडं पातळ होऊ शकतात, सांधे धरतात, अंगातून वाफा निघतात. रायपूरचा एप्रिल बाहेर, अन् एक एप्रिल आतमध्ये!

वाफांले मी भ्याली नाही. पण काही महिन्यांनी सकाळी मूठच मिटेना. नळ फिरेना, पदराची पिन लागेना. जयंतीले अडीच-तीन महिने उरलेले, सराव तोंडावर आलेला, लेझीम धरू कशी? मले रडूच आलं.

लेझीममधली माझी मैत्रीण म्हणाली, "जयंतीपर्यंत बंद ठेव ना ते गोळी. मंग घे. कोणाले मालूम पडते?"

हव, मनात आलंच माझ्या. पोरगा मराठीत विचारलं तरी हिंदीतच बोलतो. त्याले सांगितलं, तर एवढंच बोलला, "मम्मी, पहले डॉक्टर से पूछ लो." त्यानं नंबरही लावून टाकला, म्हणून गेली.

डॉक्टरीणबाई आमच्या नागपूरकडच्याच. सरळ विचारलं, "मॅडम, गोळी का लेझीम?"

"काहून, दोन्ही नाही पाहिजे काय?" त्या म्हणाल्या. "बरं केलं विचारलं. मनानं बंद करणाऱ्या सांगायले येतच नाहीत."

हाडांची तपासणी केली, ती थोडी पातळ निघाली. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी अन् रोजचं पायी फिरणं मागं लागलं. काही आठवडे त्यांच्या देखरेखीत गोळी थांबवून त्याच जातीची दुसरी सुरू केली. दुखणं कमी झालं, पण गेलं नाही. मूठ अर्धीच मिटे. मग मी जुन्या पांढऱ्या लुगड्याची पट्टी लेझीमच्या दांड्याले गुंडाळून तो चांगला जाडजूड केला. बसला की नाही अर्ध्या मुठीत!

जयंतीच्या संध्याकाळी मिरवणूक सदर बाजारात शिरली. लेझीम रंगात आली अन् कमरेले खोचलेला मोबाईल वाजला. गोळीचा अलार्म होता. मी शिट्टी मारली तशी अख्खी रांग थांबली, मागचा डीजे थांबला. स्कूटरवाले हॉर्न मारून राहिले होते. मारा म्हटलं, मारा!

"काय झालं वो बाई?" मागून कोणी तरी ओरडलं.

"कॅन्सरच्या गोळीचा टाइम झाला!" मीही तेवढ्याच जोरात ओरडली.

पाण्याची बाटली पुढं केली ती त्याच मैत्रिणीनं. डोळे पुसत म्हणे, "घे लवकर. अन् पुढंही माझं कधी ऐकू नको."

मी गोळी गिळली, एका बाजूनं सपाट असलेली छाती ताणली अन् शिट्टी फुंकली.