मागच्या बोल्टला ग्रीस नव्हतं

मित्रांनो, दुपारपासून मन लागून नाही राहिलं, म्हणून इथं लिहून राहिलो.

आज मरोदा वस्तीतल्या आमच्या घरी बाबांच्या जुन्या मोटरसायकलचं इंजिन उतरवायला घेतलं. इंजिनला चेसिसशी धरून ठेवणारा मागचा लांब बोल्ट हललाच नाही. तेल सोडलं, गरम केला, हातोडा मारला. शेवटी ग्राइंडरनं कापला. आतून गंजून पार चिकटला होता.

बाबा प्लांटात मेंटेनन्सला होते. ग्रीस लावल्याशिवाय त्यांनी कुठंच बोल्ट बसवला नाही. मागच्या वेळी इंजिन मी बसवलं, तेव्हा त्यांनी घरातून विचारलं होतं, "ग्रीस लावलं न रे?" लावलं नव्हतं. घाईत मी "हो" म्हटलं.

बाबांना आताशा फारसं आठवत नाही. आज तो तुकडा हातात घेऊन ते बराच वेळ नखानं गंज खरडत बसले. मग हळूच म्हणाले, "मीच विसरलो असन. माझ्या हाताचा आता भरोसा नाही राहिला, बेटा."



बायको म्हणते, आता खरं सांगून काय फायदा, उद्या विसरून जातील. पण आज तर ते दुपारपासून आपल्या हातांकडेच पाहून राहिले. मले सांगा, तुम्ही काय केलं असतं?